कुटुंबाचे वाहन आणि इंधनाचा हिशेब

सकाळी सात ते दहा या वेळात भारतातील कोणत्याही नगराच्या हमरस्त्याकडे पाहिले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. रस्त्यावर जी धावपळ चाललेली असते, तिच्यातील फार मोठा भाग कारखान्यांचा वा व्यापाराचा नसून घरांचा असतो. कोणी मुलांस शाळेत पोचवीत असतो, कोणी कचेरी गाठण्याच्या घाईत असतो, कोणी दवाखान्याकडे निघालेला असतो. पायी जावे, सायकल काढावी, बसची वाट पाहावी, की स्वतःची गाडी सुरू करावी, हा निर्णय प्रत्येकाने उंबरठा ओलांडताना घेतलेला असतो. परंतु तो इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो निर्णय आहे याची जाणीवही उरत नाही. एका घराने वर्षभरात घेतलेल्या अशा निर्णयांची बेरीज मात्र हवेत सोडलेल्या वायूच्या वजनात बरीच नेमकी सांगता येते, आणि त्यासाठी शाळेतील अंकगणितापलीकडचे ज्ञान लागत नाही. तोच हिशेब येथे मांडावयाचा आहे.

प्रारंभी एका शब्दाविषयी थोडेसे. ‘सस्टेनेबिलिटी’ या इंग्रजी शब्दास ‘शाश्वतता’ हा मराठी प्रतिशब्द आता रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखकास तो फारसा पसंत नाही. शाश्वत म्हटले, की आत्मा, सत्य अशा कधीही न सरणाऱ्या गोष्टी मनापुढे उभ्या राहतात. आणि येथे तर प्रश्न आहे तो सरणाऱ्या वस्तूंचा. कणगीतील धान्य पुढील सुगीपर्यंत पुरवावयाचे, तर रोज किती काढावे, हा जो घरधनिणीचा विचार, तोच या शब्दाच्या मुळाशी आहे. त्यात भर एवढीच, की कणगीबरोबर उकिरड्याचाही विचार करावा लागतो. खनिज तेल ही आपली कणगी, तर वातावरण हा आपला उकिरडा. आणि दोहोंनाही तळ आहे. भारताच्या बाबतीत तर कणगीदेखील परक्याची आहे, कारण आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी चार-पंचमांशांहून अधिक तेल आपण परदेशांतून विकत आणतो.

एका लिटरातून दोन किलो तीनशे ग्रॅम

एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते. ते जाळले असता त्यातून सुमारे २ किलो ३०० ग्रॅम कार्बन डायॉक्साइड वायू (जुन्या क्रमिक पुस्तकांतील कर्बाम्ल वायू) बाहेर पडतो. हे विधान प्रथम ऐकणाऱ्यास खोटे वाटते. पाऊण किलो वस्तू जाळून सव्वादोन किलोहून अधिक वायू कसा निघावा? याचे उत्तर असे, की वायूचे सारे वजन पेट्रोलमधून येत नाही. पेट्रोलच्या १०० भागांत सुमारे ८६ भाग कार्बन असतो. म्हणजे एका लिटरात सुमारे ६३५ ग्रॅम. जळताना कार्बनच्या प्रत्येक १२ भार वजनाशी हवेतील प्राणवायूचे ३२ भार वजन संयोग पावते, आणि ४४ भार वजनाचा कार्बन डायॉक्साइड तयार होतो. ६३५ ला ४४ ने गुणून १२ ने भागले, की उत्तर सुमारे २,३३० येते. पाऊण किलो पेट्रोल आपण विकत घेतलेले असते. उरलेले वजन हवेने फुकट पुरविलेले असते. डिझेल अधिक दाट असल्यामुळे त्याच्या एका लिटरातून सुमारे २ किलो ६५० ग्रॅम वायू निघतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधील शिसे बंद झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारींस ‘भारत स्टेज ६’ ही कडक मानके लागू झाली. त्यांमुळे धूर, गंधक व विषारी वायू यांचे प्रमाण खरोखरच घटले. ही लहान गोष्ट नव्हे; शहरातील मुलांच्या फुप्फुसांशी तिचा प्रत्यक्ष संबंध आहे. परंतु गाडी कितीही स्वच्छ जळो, वरच्या परिच्छेदातील गुणाकार बदलत नाही. किंबहुना ज्वलन जितके पूर्ण, तितका अधिक कार्बन त्या एका वायूच्या रूपाने बाहेर पडतो.

आता या लिटरभर पेट्रोलने काम काय केले, ते पाहू. मोटारीच्या इंजिनात इंधनाच्या शंभर भाग ऊर्जेपैकी वीस ते पंचवीस भागच चाकांपर्यंत पोचतात. बाकीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने रेडिएटरमधून व धुराच्या नळीतून निघून जाते. चाकांपर्यंत पोचलेली ऊर्जा ओढते कोणास? सुमारे एक हजार किलोच्या लोखंडी सांगाड्यास, आणि त्यात बसलेल्या पासष्ट किलोच्या माणसास. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलपैकी जेमतेम दीड रुपया माणसास नेण्यात खर्ची पडला. (हवेचा विरोध वजनावर अवलंबून नसल्यामुळे हा हिशेब ठोकळ आहे; पण त्याचा आशय त्यामुळे बदलत नाही.) पालखी हलविण्यासाठी हत्ती जुंपावा, तसाच हा प्रकार होय.

याच्या अगदी उलट टोकास सायकल आहे. तिचे वजन पंधरा-सोळा किलो, आणि ती वाहते साठ-सत्तर किलोच्या माणसास. म्हणजे येथे वाहनापेक्षा वाहिला जाणारा भार चौपट आहे. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवा भरलेली धाव व्यवहारात आणल्यापासून तर तिचे घर्षणही अल्प झाले. ऑक्सफर्डचे एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात दाखविले, की सायकलवरील माणसास तेवढेच अंतर पायी चालण्याच्या सुमारे एक-पंचमांशच ऊर्जा लागते, आणि या हिशेबात तो चालणाऱ्या व उडणाऱ्या सर्व प्राण्यांस मागे टाकतो. आगगाडीचे बळ निराळे आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना होणारा विरोध डांबरी रस्त्यावरील रबरी चाकाच्या मानाने कित्येक पटींनी कमी असतो, आणि एका इंजिनामागे शेकडो माणसे बसतात. म्हणून आगगाडीच्या भरलेल्या डब्यातून प्रवास करणाऱ्याचा इंधनातील वाटा फारच थोडा येतो.

एका घराचे वर्ष

समजा, एका मध्यम नगरात चौघांचे एक कुटुंब राहते. वडिलांची कचेरी घरापासून १२ किलोमीटरांवर आहे, आई ३ किलोमीटरांवरील शाळेत शिकवितात, आणि दोन्ही मुलांची शाळा ४ किलोमीटरांवर आहे. कामाचे दिवस वर्षास २५० व शाळेचे दिवस २२० धरू. मोटार लिटरास १५ किलोमीटर व स्कूटर ४५ किलोमीटर जाते, असे मानू.

पहिली व्यवस्था अशी. वडील एकटे मोटारीने जातात. वर्षाचे ६,००० किलोमीटर, ४०० लिटर पेट्रोल, ९२० किलो वायू. आई स्कूटरने जातात; वर्षाचे १,५०० किलोमीटर, सुमारे ७७ किलो. मुलांस आजोबा स्कूटरने पोचवितात व आणतात. हा तिसरा आकडा काळजीपूर्वक पाहण्यासारखा आहे. शाळा चारच किलोमीटर दूर आहे, परंतु आजोबांस सकाळी जाऊन परतावे लागते आणि दुपारी पुन्हा जाऊन परतावे लागते. म्हणजे दिवसाचे १६ किलोमीटर होतात, आणि त्यांपैकी नेमके अर्धे अंतर स्कूटर एकट्या आजोबांस घेऊन, म्हणजे प्रवासाच्या हेतूने पाहता रिकामीच, धावते. वर्षाचे ३,५२० किलोमीटर, सुमारे १८० किलो. आई स्वतः नोकरीसाठी जेवढे इंधन जाळतात, त्याच्या दुपटीहून अधिक इंधन मुलांस पोचविण्यात जळते. एकूण बेरीज सुमारे १,१८० किलो.

आता वडील बसने जातात असे धरू. नगरातील डिझेल बस लिटरास सुमारे ४ किलोमीटर जाते, म्हणजे दर किलोमीटरास सुमारे ६६० ग्रॅम वायू सोडते. तिच्यात चाळीस माणसे असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास साडेसोळा ग्रॅम येतात, आणि वडिलांचा वर्षाचा वाटा ९२० किलोंवरून सुमारे १०० किलोंवर उतरतो. परंतु त्याच बसमध्ये आठच उतारू असले, तर प्रत्येकाचा वाटा ८२ ग्रॅम होतो, आणि स्कूटरवर एकटा जाणारा मनुष्य (सुमारे ५० ग्रॅम) अधिक काटकसरी ठरतो. तेव्हा ‘बस चांगली, मोटार वाईट’ असे सरसकट म्हणता येत नाही. चौघे बसलेली मोटार माणशी ३८ ग्रॅमच सोडते. वाहनाच्या नावापेक्षा त्यातील भरलेल्या जागा मोजाव्या लागतात. मात्र रिकाम्या बसच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ती बस कोणी चढो वा न चढो, धावणारच असते. म्हणून तिच्यात चढणारा नववा उतारू इंधनात जवळजवळ काहीच भर घालीत नाही. उलट तो न चढल्यास पुढील वर्षी ती फेरीच रद्द होण्याचा संभव वाढतो, आणि मग उरलेल्या आठांनाही स्वतःची वाहने घ्यावी लागतात.

विजेच्या गाडीविषयी अलीकडे घरोघरी चर्चा चालते. तिचाही हिशेब याच पाटीवर करू. विजेच्या यंत्राची कार्यक्षमता इंजिनाच्या तिप्पट-चौपट असते, ही तिची मोठी जमेची बाजू. परंतु भारतात वीज अद्यापि बव्हंशी कोळशापासून निर्माण होते, आणि एक युनिट वीज तयार होताना सरासरीने सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. विजेची मोटार शंभर किलोमीटरांस १५ युनिटे घेते असे धरल्यास वडिलांच्या ६,००० किलोमीटरांस ९०० युनिटे लागतील. वायू ६३० किलो. पेट्रोलच्या ९२० किलोंपेक्षा तो कमी आहे खरा, पण ज्या गाजावाजाने ही गाडी घरी आणली जाते, त्या मानाने बचत बेताचीच आहे. आता तेच अंतर विजेच्या स्कूटरने कापले, तर शंभर किलोमीटरांस सुमारे ३ युनिटे, वर्षास १८० युनिटे, आणि वायू केवळ १२६ किलो! इतकेच नव्हे, तर पेट्रोलची साधी स्कूटरदेखील याच अंतरास सुमारे ३०७ किलो वायू सोडते, म्हणजे विजेच्या मोटारीच्या निम्म्याहूनही कमी. इंधन बदलल्याने जो फरक पडला, त्यापेक्षा वजन बदलल्याने मोठा फरक पडला. तारांतील गळती, तेलाचे शुद्धीकरण, पोलाद व बॅटरी यांची निर्मिती हे सारे धरले, तर प्रत्येक आकडा थोडाफार वाढेल. वजनदार वाहनाचा अधिक वाढेल.

विजेच्या गाडीस न्याय द्यावयाचा, तर एक गोष्ट तिच्या बाजूने सांगितली पाहिजे. सौर व वायुशक्तीचा वाटा जसजसा वाढेल, तसतशी कालची विजेची गाडी उद्या आपोआप अधिक स्वच्छ होईल. पेट्रोलच्या गाडीस हे भाग्य नाही.

स्वस्त किलोमीटरांचा मोह मात्र दोघींनाही आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाविषयीच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले, की इंजिने काटकसरी झाल्याने कोळशाची बचत होत नाही; उलट वाफेचा वापर स्वस्त झाल्यामुळे कोळसा अधिकच जळू लागतो. घरातील वाहनासही हे लागू पडते. गाडी थोडक्यात जाते म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही गाडीनेच जाणे होते, आणि पुढे घर कचेरीपासून आणखी पाच किलोमीटर दूर घेतले तरी चालेल असे वाटू लागते. आमच्या मते घराचा सर्वांत मोठा वाहतूक-निर्णय गाडीच्या दुकानात होत नाही. कोठे राहावयाचे आणि मुलांस कोणत्या शाळेत घालावयाचे, हे ठरले, की पुढील दहा वर्षांचे किलोमीटर जवळजवळ ठरून जातात.

निवड आणि तिच्या मर्यादा

वरील सारा हिशेब वाचून कोणी म्हणेल, की मग त्या मुलांनी चार किलोमीटर सायकलनेच का जाऊ नये? याचे उत्तर अंकगणितात नाही. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकी मोटारवाहनांवरील होती, आणि ३२,००० हून अधिक तर नुसती पायी चालणारी होती. ज्या रस्त्यास पदपथ नाही, त्यावर दहा वर्षांच्या मुलास एकटे सोडण्यास आजोबा तयार नसतात, हा त्यांचा हट्ट नव्हे. प्रत्येक घर मुलाच्या सुरक्षिततेसाठी त्यास गाडीत बसविते. त्या गाड्यांनी शाळेपुढचा रस्ता अधिकच धोक्याचा होतो. आणि मग उरलीसुरली घरेही गाडीकडे वळतात. हे चक्र एका घरास एकट्याने मोडता येत नाही.

नगराने काय देऊ केले आहे, यावरही घराची निवड अवलंबून असते. ट्रामगाड्या मद्रासमध्ये १९५३ साली, दिल्लीत १९६३ साली आणि मुंबईत ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाल्या. त्यांनी रोज ये-जा करणाऱ्या कुटुंबांस त्याविषयी कोणी विचारले नव्हते. दिल्लीत रुळांवरील नागरी वाहतुकीने पुन्हा नव्याने जोर धरला तो २४ डिसेंबर २००२ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाल्यावर. मध्ये जवळजवळ चाळीस वर्षे गेली.

आणि ज्यांच्यापाशी निवडीस मुळी दोन पर्यायच नाहीत, अशांची संख्या आपल्या देशात फार मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शंभरांपैकी पाचांहून कमी घरांत मोटार होती. सायकल होती ती सुमारे पंचेचाळीस घरांत. त्याच जनगणनेत शेतीबाहेरील कामकऱ्यांस प्रथमच विचारण्यात आले, की आपण कामावर कसे जाता? सुमारे साडेचार कोटी लोक पायी जात होते, अडीच कोटींहून अधिक सायकलने, आणि स्वतःच्या मोटारीने सुमारे पंचावन्न लाख. या पायी जाणाऱ्यांनी वातावरणाचा विचार करून चालणे पत्करले, असे समजणे भाबडेपणाचे होईल. तेव्हा केवळ कमी इंधन जाळले म्हणून एखाद्या घराची व्यवस्था चांगली, असे म्हणता येत नाही. त्या घरातील माणसे जेथे पोचावयास हवी, तेथे पोचतात काय, हेही पाहिले पाहिजे.

या दृष्टीने बिहारमधील एक उदाहरण मोलाचे आहे. तेथे खेड्यापाड्यांतील मुलींचे शिक्षण आठवीच्या पुढे खुंटत असे, कारण प्राथमिक शाळा गावात असली तरी माध्यमिक शाळा अनेकदा तीन-चार किंवा अधिक किलोमीटर दूर असे. रोज इतके चालणे वेळखाऊ. शिवाय वयात आलेल्या मुलीस एकटीने त्या वाटेने पाठविण्यास घरचे लोक नाखूष. २००६ साली राज्य शासनाने नववीत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलीस सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. प्रारंभी ही रक्कम दोन हजार रुपये होती. पुढे कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा परिणाम तपासला. त्यांची रीत विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगी आहे. मुलींची संख्या वाढली, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. ती अन्य कारणांनीही वाढू शकते. म्हणून त्यांनी बिहारमधील मुलींतील बदलाची तुलना तेथील मुलांतील बदलाशी केली, आणि हा फरक शेजारच्या झारखंडमधील मुलामुलींतील तशाच फरकाशी ताडून पाहिला, कारण झारखंडात ही योजना नव्हती. २०१७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली.

परंतु याहूनही बोलका आहे तो अंतराचा तपशील. जेथे माध्यमिक शाळा गावापासून तीन किलोमीटर वा त्याहून दूर होती, तेथे वाढ अधिक झाली. जेथे शाळा हाकेच्या अंतरावर होती, तेथे अल्प. हाच पैसा शिष्यवृत्तीच्या रूपाने दिला असता, तर असा नमुना दिसण्याचे कारण नव्हते. म्हणजे काम केले ते पैशाने नव्हे, तर चाकाने. शिवाय अनेक मुलींच्या घरी एकाच वर्षी सायकली आल्यामुळे त्या घोळक्याने जाऊ लागल्या, आणि एकटीच्या वाटेचे भय उणावले. पश्चिम बंगालमध्ये २०१५ पासून ‘सबुज साथी’ या नावाने अशीच योजना चालू झाली. तेथे सायकली मुलांनाही मिळतात.

चार किलोमीटर चालावयास मुलीस पाऊण तास ते एक तास लागतो. जाऊन-येऊन दिवसाचे जवळजवळ दोन तास. सायकलने तीच वाट वीस मिनिटांची होते. उरलेल्या वेळात ती घरचे पाणी भरते, धाकट्या भावंडांस सांभाळते, आणि दिवेलागणीपूर्वी थोडा अभ्यासही करते. इंधनाच्या रकान्यात या प्रवासापुढे शून्य लिहावे लागते.